कुंडीतला वाफसा

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

आपल्या ग्रंथालयात शिरताना डाव्या हाताला, वर्तमानपत्रांच्या स्टँडशेजारी असलेला मनीप्लांट आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. खिडकीच्या गजांवरून चढत तो पार नकाशांच्या कपाटापर्यंत पोहोचला होता. 'होता' असे म्हणते, कारण या वर्षी ऑगस्ट महिन्यात जे ग्रंथालयात आले त्यांना त्या जागी फक्त काचेच्या पाच बाटल्या दिसल्या. त्या तेथे कशासाठी ठेवल्या आहेत असे मला पुष्कळांनी विचारले आणि मी प्रत्येकाला काहीतरी निराळेच सांगून वेळ मारून नेली. खरे उत्तर या लेखात देत आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने झाडाच्या मुळांवर लेख लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ती मुळे कुजली ती माझ्याच हाताने, तेव्हा त्यांच्याविषयी लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला पोहोचतो असे वाटते.

मी 'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालयात काम करते. पुस्तके जागेवर लावणे, धूळ झटकणे आणि झाडांना पाणी घालणे ही माझी कामे. पूर्वी झाडांचे काम ग्रंथालयातले मामा करीत. ते ३१ मे रोजी सेवानिवृत्त झाले. मनीप्लांट त्यांनीच लावलेला. जुन्या इमारतीतून वीतभर फांदी आणून रंगाच्या रिकाम्या डब्यात खोचली होती, त्याचाच पुढे हा वेल झाला. जाताना ते मला एवढेच म्हणाले, "ताई, आता हे तुमच्याकडं." निरोपसमारंभात त्यांना शाल आणि श्रीफळ मिळाले, भाषणे झाली. माझ्या वाट्याला हे एक वाक्य आले आणि ते मी फारच मनावर घेतले.

जून महिन्यात कॉलेज सुरू झाले तेव्हा तो गंजका डबा मला बघवेना. मामांच्या झाडाला चांगले घर द्यायचे असे मी ठरवले. आमचे गाव कोरेगाव तालुक्यात. घरी आल्याची शेती. रविवारी घरी गेले आणि ओढ्याकडच्या पट्टीतली काळीभोर माती सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत भरून एस.टी.ने घेऊन आले. कंडक्टरने विचारले, "काय आहे त्यात?" मी म्हटले, "माती." त्यांना वाटले मी चेष्टाच करते आहे. आठवडी बाजारातून चांगली घमेल्याएवढी प्लॅस्टिकची कुंडी घेतली, खाली मोठी ताटली. सगळे सांगतात म्हणून तळाला विटांचे तुकडे घातले, वर माती दाबून भरली आणि झाड हलवले. रोज सकाळी एक तांब्या पाणी. ताटलीत पाणी साचून राही. ते पाहून मला समाधानच वाटे, की झाड उपाशी नाही.

पहिले तीन आठवडे झाड टवटवीत होते. मग खालची पाने पिवळी पडू लागली. त्यानंतर हिरवी पानेही मरगळून खाली लोंबू लागली, जणू उन्हात राहिल्यासारखी. बाहेर तर आषाढाची झड लागलेली! पान लोंबले म्हणजे झाड तहानलेले, एवढेच मला ठाऊक होते. मी एकाचे दोन तांबे केले. जुलै संपता संपता कुंडीला वास येऊ लागला. तो वास मला ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. ग्रंथपाल मॅडमनी दोनदा विचारले, "इथं उंदीर मेलाय का गं?" मी खिडकी उघडून ठेवली.

आपल्या महाविद्यालयात विज्ञान शाखा नाही, विचारणार कोणाला? शेवटी रात्री घरी फोन केला. आण्णांशी झालेले बोलणे जसेच्या तसे देते.

"माती वली हाय का कोरडी?"

"ओली आहे. चिखलच आहे."

"आणि पानं माना टाकत्यात?"

"हो."

"मग पाणी कशाला घालतीस? तान न्हाई ती. मुळाला हवा न्हाई. वाफसाच न्हाई आला कवा त्या मातीला. वास येतोय का?"

तेव्हा मला तो वास आठवला. २०१९ साली मी आठवीत होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पाऊस हटेना आणि परतीच्या पावसानेही झोडपले. ओढ्याकडच्या पट्टीतले आले आधी शेंड्याकडून पिवळे पडले. मग ओढले की कोंब अलगद हातात येऊ लागला आणि खालचा गड्डा दाबला की पिचकून पाणी सुटे. त्याचा हा वास. आमच्याकडे त्याला नुसते 'लागण झाली' म्हणतात. कृषी खात्याच्या पत्रकात त्याला कंदकूज म्हटलेले असते. आले हे वर्षभर सांभाळायचे पीक. बेणे, खत, मजुरी सगळे आधी घालावे लागते आणि पैसा शेवटी हाती येतो. त्या वर्षी तो आला नाही. माझा थोरला भाऊ तेव्हा बारावीला होता. परीक्षेनंतर तो चाकणला कंपनीत लागला. घरातून कॉलेजात आलेली पहिली व्यक्ती मी आहे असे सारे कौतुकाने म्हणतात, तेव्हा मला ती पट्टी आठवते.

"माती कुठनं नेलीस?" आण्णांनी विचारले. मी सांगितले. फोनवर ते क्षणभर गप्प झाले. "वरच्या रानातली न्यायची हुतीस की गं," एवढेच म्हणाले.

'वाफसा' हा शब्द मी जन्मापासून ऐकत आले आहे. वाफसा आला की पेरायचे, कोळपायचे. नसेल तर थांबायचे. मुठीत माती दाबून पाहतात. गोळा झाला पाहिजे आणि तो खाली टाकल्यावर फुटलाही पाहिजे. फुटला नाही तर चिखल, गोळाच झाला नाही तर कोरड. शहरात वाढलेल्या मैत्रिणींना हा शब्द समजावून सांगताना माझ्या लक्षात आले, की मलाही तो नीट कळलेला नव्हता. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्या सगळ्या पाण्याने भरल्या तर हवेला जागा उरत नाही. वाफसा म्हणजे त्या पोकळ्यांत ओल आणि हवा दोन्ही एकाच वेळी असणे. मुळेही श्वासोच्छ्वास करतात. त्यांना प्राणवायू लागतो, आणि तो त्यांना मातीतल्या हवेतूनच मिळतो. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. त्यातून चिखलात जो थोडा प्राणवायू असतो तो मातीतले सूक्ष्म जीव आधीच संपवून टाकतात. प्राणवायू मिळाला नाही की मुळे पाणी आत घेईनाशी होतात. म्हणजे झाड पाण्यात उभे आणि पाने मात्र कोरडी! मरगळलेले पान दोन्ही वेळी सारखेच दिसते, पाणी नसताना आणि पाणी फार झाल्यावरही. फरक पानात शोधून सापडत नाही. बोट मातीत घालावे लागते. मी दीड महिन्यात एकदाही घातले नव्हते.

येथे वाचकांपैकी कोणीतरी विचारील, की मग मनीप्लांट पाण्याच्या बाटलीत कसा जगतो? आमच्या वसतिगृहात प्रत्येक खिडकीत अशी एकतरी बाटली आहे. हाच प्रश्न मलाही पडला होता आणि त्याचे उत्तर शोधण्यात माझे दोन दिवस गेले. बाटलीतल्या मुळांचा जन्मच पाण्यात झालेला असतो. त्यांची घडण त्या पाण्याला धरून होते. बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात कुजणारा पालापाचोळा नसतो, त्यामुळे प्राणवायू खाऊन टाकणारे जीवही कमी असतात आणि पाणी बदलले की ताजा प्राणवायू आत येतो. कुंडीतल्या मुळांचे तसे नसते. ती मातीत, हवेत वाढलेली. त्यांना एकाएकी चिखलात कोंडले तर ती गुदमरतात. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, जावळी आणि पाटणकडे, भात गुडघाभर चिखलात उभा असतो. पण त्याच्या अंगात पानांपासून मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ्या असतात. आल्याच्या मुळांना ती सोय नाही. म्हणूनच आमच्याकडे आल्याला गादीवाफे करतात आणि पावसाळ्यात चर मोकळे ठेवतात.

गुदमरलेल्या मुळांवर मग बुरशी चढते. आल्याच्या कंदकुजीत प्रामुख्याने पिथियम नावाचा जीव असतो. त्याला व्यवहारात बुरशी म्हणतात, परंतु शास्त्रज्ञ त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत. त्याचे नाते समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी जवळचे आहे. त्याची बीजे शेपटीच्या आधारे पाण्यात चक्क पोहतात. माती जितकी ओली, तितका त्यांचा प्रवास सोपा. त्याची जाड कवचाची बीजे मातीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहू शकतात, म्हणूनच एकदा कुजलेल्या रानात लगेच पुन्हा आले करीत नाहीत. त्याच रानातली माती मी पिशवीत भरून, एस.टी.चे तिकीट काढून, सुदृढ झाडाच्या मुळाशी नेऊन घातली होती.

भूगोलाच्या मॅडमना मी घाबरत घाबरत सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. भांडी घासायचा एक स्पंज मागवून घेतला, तो पाण्यात बुचकळला आणि तळहातावर आडवा धरला. थोडे पाणी गळले आणि थांबले. मग तोच स्पंज उभा धरला तर पुन्हा गळू लागला! वरून थेंबही घातला नव्हता. माती उथळ असेल तर पाणी तिच्यात अडकून राहते, खोल असेल तर वरचे पाणी खाली उतरते, असे त्यांनी समजावले. आमच्या रानात काळी माती पुरुषभर खोल आहे, कुंडीत ती वीतभर. शिवाय काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सहज सोडत नाही. जी माती रानात सोने असते, ती कुंडीत तशीच वागेल असे नाही. तळाच्या विटांच्या तुकड्यांनीही उपयोग होत नाही. बारीक मातीतले पाणी ती पुरती भिजल्याशिवाय खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही. उलट तुकड्यांनी जागा अडवल्यामुळे चिखलाचा थर मुळांच्या आणखी जवळ येतो. तुकडे घालण्याची ही पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून मुद्दाम लिहिले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयामागच्या नळावर झाड काढले. माती घट्ट गोळ्यासारखी निघाली. मुळे पाण्याखाली धुतली तेव्हा निरोगी आणि कुजलेली यांतला फरक आंधळ्यालाही कळावा असा होता. निरोगी मूळ पांढरट, टणक. कुजलेले तपकिरी-काळे, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढले की वरची साल मोज्यासारखी निघून येई आणि हातात नुसता दोरा राही. पांढरी मुळे फक्त काठाशी, एका बाजूला, मूठभर उरली होती. खोडही बुंध्यापासून चार बोटे वरपर्यंत मऊ झाले होते.

पाते स्पिरिटने पुसून घेतले. मनीप्लांटच्या चिकाने हाताला खाज सुटते, म्हणून हातांत पिशव्या घातल्या. कुजलेला भाग कापताना हात अडखळतो, हे कबूल केले पाहिजे. वाटते, थोडे मऊ आहे, पण असू दे. ते चुकते. कापलेल्या तोंडावर तपकिरी कडे दिसले तर कूज तिथवर पोहोचलेली असते. आणखी वर, स्वच्छ हिरवे लागेपर्यंत कापत जावे लागते. वेलाचे मी अकरा तुकडे केले, प्रत्येकाला दोन पेरी राहतील असे. मनीप्लांटच्या पेरापाशी तपकिरी गाठ असते, तेच पुढचे मूळ. पेर पाण्यात आणि पान पाण्याबाहेर असे तुकडे बाटल्यांत लावले. गडद रंगाच्या बाटल्या बऱ्या, शेवाळ कमी धरते. उरलेली मूठभर मुळे असलेला बुंधा लहान मडक्यात वेगळा लावला. माझा खरा जीव त्याच्यात होता, कारण मामांनी लावलेला तो तोच.

मैत्रिणींनी हळद लावायला सांगितली, कोणी दालचिनीची पूड. कापलेल्या तोंडांना मी हळद लावली. त्याने काही बिघडले नाही आणि काही साधले असेही मला दिसले नाही. मेलेले मूळ कशानेच जिवंत होत नाही. आण्णांना बोर्डो मिश्रणाविषयी विचारले. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी हे प्रमाण आमच्या घरी पाढ्यासारखे पाठ आहे. चकचकीत विळा त्यात बुडवून पाहायचा, तांबूस झाला तर चुना कमी पडला. हे 'बोर्डो' एका फ्रेंच शहराचे नाव आहे, हे मात्र मला या निमित्ताने वाचताना प्रथमच कळले. तेथील द्राक्षबागाईतदार रस्त्याकडेच्या वेलांवर चोरांना भीती वाटावी म्हणून मोरचूद आणि चुना शिंपडत. १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांना दिसले, की केवडा रोगाने सगळ्या बागेची पाने गळाली, पण या शिंपडलेल्या वेलांची टिकली. १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जाहीर केले. हा केवडाही पिथियमच्याच गोत्रातला. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजवणारा जीव त्याच गोत्रातला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे गेली, तितकीच देश सोडून निघून गेली. इतिहासाच्या तासाला आम्ही हा दुष्काळ एका ओळीत शिकलो होतो. गड्डे काढताना त्या लोकांनाही तोच वास आला असेल, हे पुस्तकात नव्हते.

आण्णा म्हणाले, बोर्डो लागण होण्याआधी, आता नको. आता फक्त पाणी तोड.

आठव्या दिवशी बुंधा मेला. मडक्यातून उपटला तर मुळाविनाच वर आला. बाटल्यांतल्या अकरा तुकड्यांपैकी तीन पाण्यात कुजले. कूज लागलेल्या भागाला फार लागून मी ते कापले होते. उरले आठ. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलत होते. दोन आठवड्यांनी पेरांवर पांढरे टोक दिसले आणि महिन्याभरात बोटभर मुळे फुटली.

परंतु बुंधा गेला तो गेलाच. हे आठ तुकडे म्हणजे मामांचे झाड नव्हे, असे मला वाटत राहिले. याही बाबतीत ग्रंथालयानेच मला थोडा धीर दिला. मनीप्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मूरिया बेटाचा. त्याला फूल जवळजवळ येतच नाही. फुलासाठी लागणारे जिबरेलिन नावाचे द्रव्य त्याला स्वतःला तयार करता येत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. फूल नाही, म्हणून बी नाही. फांदीची फांदी लावतच तो जगभर गेला. मामांनी जुन्या इमारतीतून आणली तीही दुसऱ्या कुठल्या झाडाची फांदीच होती.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुकडे मातीत लावले. या वेळी कुंड्या लहान, तळाला भोके मोकळी, खाली ताटली नाही. कोकोपीट, जाडी वाळू आणि थोडे गांडूळखत. खत फार नको, नव्या मुळांना ते सोसत नाही. पाण्यातली मुळे ठिसूळ असतात, दाबून माती भरली तर मोडतात. पहिला आठवडा जरा जास्त ओल ठेवली, नंतर बोटाचे एक पेर कोरडे लागल्याशिवाय पाणी घातले नाही. दोन रोपांची पाने गळाली, पुन्हा फुटली. जुनी माती मी परत ओढ्याकडे नेली नाही, इथल्या कोणत्या झाडालाही घातली नाही. पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत दिली. मोठी कुंडी साबणाने घासून गच्चीवर उन्हात पालथी ठेवली आहे.

गणपती झाल्यावर मामा पेन्शनच्या कागदांसाठी कार्यालयात आले होते. तेथून ते ग्रंथालयात येणार हे मला माहीत होते. मी लोखंडी कपाटामागे उभी राहून काय सांगायचे याची उजळणी करीत होते. ते आले, चप्पल बाहेर काढली, खिडकीकडे पाहिले. मी काळ्या मातीपासून बुंध्यापर्यंत सगळे सांगून टाकले. मध्येच माझा आवाज गेला. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी आठही कुंड्या एकेक करून पाहिल्या, एका पानाची धूळ अंगठ्याने पुसली. त्या दिवशी माझा पाणी घालायचा वार होता आणि तांब्या भरून मेजावर ठेवलेला होता. मामांनी पहिल्या कुंडीत बोट खुपसले, बाहेर काढून पाहिले आणि धोतराला पुसले.

"आज नको ताई," ते म्हणाले, "उद्याच्याला घाला."